उसवलेल्या ओळी

दहिवर पडलं, पानांवरच गोठलं आणि एका रात्रीत टोमॅटोचा मळा काळा पडला.

सकाळी नवरा-बायको बांधावर जाऊन उभे राहिले तेव्हा पानं उकडल्यासारखी मऊ होऊन तारांवर लोंबत होती. फळं वरून लाल, आत नुसतं पाणी. नवऱ्यानं एक तोडलं, मुठीत दाबलं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तो त्यानं विजारीला पुसला.

“गेलं,” तो म्हणाला.

बायकोनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. तिला हुडहुडी भरली होती, पण मळा असा उभ्याउभ्या मेलेला असताना आपल्याला थंडी वाजते म्हणायची तिला लाज वाटली.

तिला घरात आणि गावात धाकटी म्हणत. थोरले दीर-जाऊ कधीच घर सोडून लांब गेले होते, धाकटं म्हणायला शेजारी कुणी थोरलं उरलं नव्हतं, तिचे स्वतःचे केस कानापाशी पांढरे झाले होते. तरी नाव तेच. नावच तसं पडलं म्हणून की काय कोण जाणे, तिच्या हातून कुठलंही काम थोरलं होऊन बाहेर पडत नसे. सुरुवात झोकात. मग मध्येच दुसरं काही निघे आणि पहिलं तसंच राही. सासू म्हणायची, “हिला देवानं फक्त आरंभ दिलाय.”

मेलेला मळा काढायलाही तेवढेच कष्ट लागतात जेवढे जिवंत मळा उभा करायला, आणि त्या कष्टाला चव नसते. दोघांनी वेली उपटल्या, बांबू काढून त्यांची मोळी बांधली, तारा गुंडाळल्या. गारठलेली तार हाताला चिकटते आणि सोडताना कातडं ओढते. धाकटीच्या बोटांना भेगा पडल्या. काम आवरलं तसा नवरा वीटभट्टीवर गेला. तिथं माणसं हवी होती. आठवड्यानं यायचा, कपडे बदलायचा, परत जायचा. मागं घरात दोघीच, सासू आणि सून.

म्हातारीचा उजवा हात गेलेला होता. गेला म्हणजे होता तिथंच होता, पण मांडीवर ठेवला तर मांडीवर, बाजेवर ठेवला तर बाजेवर. नजरही अधू झालेली, माणूस आहे की खांब एवढंच कळायचं. जीभ मात्र शाबूत. एका हाताची आणि दोन डोळ्यांची ताकद जाऊन जिभेत बसली होती म्हणा ना.

मळा निघाला की नवी ब्लँकेटं घ्यायची असं ठरलं होतं. आता कसली ब्लँकेटं! होती ती पांघरुणं इतकी विरली होती की उजेडापुढं धरली तर पलीकडची भिंत दिसे. म्हातारी पहाटे कण्हायची. धाकटी आपली चादर तिच्या अंगावर टाकायची, म्हातारी ती लाथेनं परत ढकलायची. “तू आजारी पडलीस तर मला कोण उठवणार?” म्हणायची.

एका सकाळी नणंदेचा फोन आला. धाकटीनं तो म्हातारीच्या उशाशी मोठ्या आवाजात लावून ठेवला.

“आई, दादा सांगत होता, तू पहाटे कण्हतेस.”

“तुझा दादा घोरतो. त्याला माझं कण्हणं कुठून ऐकू आलं?”

“चेष्टा नको. पोराची परीक्षा संपली की मी गाडी घेऊन येते. हिवाळाभर माझ्याकडे राहा. तिसऱ्या मजल्यावर वारं लागत नाही.”

“तिसऱ्या मजल्यावर मी करू काय? लोकांची टकुरी मोजू?”

“वहिनी, तू सांग ना तिला. तुलाही बरंच ना, ती इकडं आली तर?”

धाकटीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. खरं सांगायचं तर एक काळ असा होता की हे तिच्या मनात रोज येऊन जायचं. म्हातारी कुठंतरी जाईल तर बरं, चार दिवस कुणी टोचणार नाही. हल्ली येत नव्हतं. पण कधीतरी आलेलं होतं ना, म्हणून ते वाक्य अगदी नेमक्या जागी लागलं.

“नाही वन्सं,” ती घाईनं म्हणाली. “पांघरुणाचीच काय ती अडचण. आईंची मोठी गोधडी पेटीत अर्धी पडलीय. ती पुरी करते मी. मग थंडीचं काही राहत नाही.”

पलीकडून हसू आलं. “तू पुरी करणार? अगं वहिनी, माझ्या पोराचं दुपटं केव्हा घेतलं होतंस करायला? मी माझा आवडता फ्रॉक फाडून दिला होता त्यासाठी. आता त्याला मिसरूड फुटायला आलंय.”

“तेही करते. तुम्ही याल तोवर सगळं झालेलं असेल.”

फोन बंद झाल्यावर म्हातारीनं धाकटीकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, “मोठ्या तोंडानं सांगितलंस. काढ आता पेटी.”

“काढते.”

“नीट ऐक. मला त्या पोरीकडं जायचं नाही. खुर्चीत बसवून ठेवतील आणि आल्यागेल्याला दाखवतील. जीव लावतात, पण करमत नाही मला तिथं. गोधडी झाली तर तिला तोंडावर सांगीन की मला इथं काही कमी नाही. नाही झाली तर कोणत्या तोंडानं सांगू? मग जावं लागेल.”

पत्र्याची पेटी माळ्यावर होती. धाकटीनं ती खाली ओढली तेव्हा धुळीनं दोघींना शिंका आल्या. आत तीन अर्धवट गोधड्या. सगळ्यात वर धाकटीची पहिलीवहिली, लग्नानंतर शिकायला म्हणून घेतलेली. तिच्याखाली दुपटं, त्यात नणंदेच्या फ्रॉकचे पिवळे तुकडे. आणि तळाशी म्हातारीची मोठी गोधडी, जुन्या कागदात गुंडाळलेली.

धाकटीनं कागद सोडला आणि गोधडी मांडीवर उलगडली.

काय काम होतं ते! घरात झिजलेलं प्रत्येक कापड त्यात होतं. सासऱ्यांचे सदरे, नवऱ्याच्या शाळेच्या चड्डीची खाकी, जावेच्या पातळाची फुलं, धाकटीच्याच एका फाटलेल्या चादरीचा निळा पट्टा. तुकड्याला तुकडा जोडलेला, खाली जुन्या कापडांचे थर, आणि वरून धावदोऱ्याच्या ओळी, काठापासून आत आत, चौकोनात चौकोन. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. एकासारखा एक. मात्र शेवटच्या काही ओळी तशा नव्हत्या. तिथं टाके मोठे झाले होते, मग लहान, मग तिरपे. एक ओळ शेजारच्या ओळीला जाऊन भिडली होती. आणि मधला चौकोन मोकळाच.

धाकटीला त्या ओळी पाठ होत्या. त्या पडल्या तेव्हा हात जात चाललाय हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हातारी स्वतःही बोलली नव्हती. अशीच दुपारची ती शिवत बसलेली आणि धाकटीनं वाकून पाहून म्हटलं होतं, “आई, आज टाके पिऊन आलेत वाटतं!” एवढंच. म्हातारी नेहमीसारखी उलटून बोलली नाही. तिनं सुई काढली, गोधडीची घडी केली आणि पुन्हा कधी उलगडली नाही. डॉक्टरनं पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तोवर धाकटी समजत होती, सासूबाई रुसल्या.

“आधी तुझी काढ,” म्हातारी म्हणाली. “मेल्या माशीसारखा हात झालाय तुझा. तो चालू होऊ दे. माझीला मग हात लाव.”

दुपारी ऊन दारातून आत यायचं तेवढ्यात बसायचं. सकाळी गाय, शेण, पाणी, शेतातली उरलेली झाडलोट. मग बाज उन्हात ओढायची, म्हातारीला भिंतीला टेकून बसवायचं आणि आपण खाली चटईवर. पहिल्याच दिवशी भेगाळलेल्या बोटांत दोरा अडकायला लागला. टाका ओढला की भेग ओढली जायची.

“तेल चोळ,” म्हातारी म्हणाली. “आणि सुई ढकलायला अंगुस्तान घाल. बोट का हातोडा आहे?”

“ते घातलं की मला सुई कळत नाही.”

“सुई कळायची गरज नाही. कापड कळलं पाहिजे. इकडं आण.” डावा हात पुढं करून तिनं गोधडी चाचपली. “हे काय? गोधडी आहे की नांगरलेलं रान? वरचं कापड ओढतेस आणि खालचं विसरतेस. आधी तळहात फिरव. मधून बाहेर. फुगा काठाला गेला पाहिजे.”

धाकटीनं फिरवला. चुण्या थोड्या कमी झाल्या. शिकताना ज्या जुन्या चुका झाल्या होत्या त्या तशाच राहिल्या, त्यांच्या पुढं नवी ओळ बरी पडत गेली. काठ दुमडून पहिली गोधडी पुरी झाली तेव्हा तिनं ती म्हातारीच्या पाठीखाली घातली. म्हातारी जरा सरकली, पुन्हा सरकली.

“टोचतंय.”

“सुई राहिली की काय?”

“नाही, तुझं शिक्षण टोचतंय.”

दोघीही हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात असं हसणं झालं. धाकटीला वाटलं, हे आपण आधी का नाही केलं? हात चांगला होता तेव्हा म्हातारी रोज म्हणायची, बस माझ्याजवळ, दोन टाके घाल. आपण रोज म्हणायचो, आज नको, उद्या. शिवायचा कंटाळा नव्हता, बोलणी खायचा कंटाळा होता. आता शिकवणारीचा हात गेला आणि आपल्याला शिकायची हौस आलीय.

दुपटं लवकर झालं. पिवळ्या तुकड्यांना आणखी चार पिवळे जोडले, काठाला हिरवी पट्टी. म्हातारीनं ते बोटांनी पुढून मागून पाहिलं, काही बोलली नाही, आपल्या गुडघ्यावर पसरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिथंच होतं ते. धाकटी आत-बाहेर करताना तिरक्या नजरेनं बघायची आणि तिला आपण शाळेत पहिल्या आल्यासारखं वाटायचं.

मग मोठी गोधडी.

“हिच्यात मी तोंड घालणार नाही,” म्हातारी म्हणाली. “जिथं मी सोडलंय तिथून धर आणि आत जा. बाकी कशाला हात लावू नकोस.”

धाकटीनं तसंच धरलं. आतला मोकळा चौकोन भरायला घेतला. हात आता बसला होता. टाका म्हातारीएवढा बारीक नव्हता, पण सरळ होता, ओळ ओळीपासून सारख्या अंतरावर होती. पहिल्या दिवशी ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदेचा पुन्हा फोन आला. रविवारी येते म्हणाली. “झाली का गं तुझी गोधडी? आल्यावर बघते हं मी, एकेक टाका बघते!” चेष्टेतच म्हणाली ती. धाकटीही हसली. फोन ठेवला आणि गोधडीकडं बघितलं, तर तिला त्या वाकड्या ओळींशिवाय दुसरं काही दिसेना.

बाहेर म्हातारीचे दाणे, आत आपले नीट टाके, आणि मध्ये हा गोंधळ. नणंद काय म्हणणार? बाहेरचं आईचं, तिथून पुढं वहिनीचं. म्हणजे वाकडं ते वहिनीचंच. कुणाला सांगत फिरणार, हे माझे नव्हेत म्हणून? आणि सांगायचं तरी कसं, त्या म्हातारीच्या समोर?

ऊन पायाशी होतं. म्हातारी बसल्या बसल्या पेंगत होती, मान छातीवर. धाकटीनं सुईचं टोक एका तिरप्या टाक्याखाली घातलं आणि दोरा तोडला. मग पुढचा. मग तिला ते सोपं वाटायला लागलं. जुना दोरा कुजकट झाला होता, बोटानं ओढला की सळ्ळकन् निघायचा. सगळ्या वाकड्या ओळी तिनं उसवल्या. दोऱ्याचे तुकडे मुठीत गोळा केले आणि चुलीत टाकले. त्या जागी सरळ ओळी घातल्या. दोन दुपारी लागल्या त्याला. म्हातारीनं एकदा विचारलंही, “कुठवर आलीस?” धाकटी म्हणाली, “मध्यावर.” तिला वाटत होतं, आपण म्हातारीवर उपकार करतोय. तिची लाज झाकतोय. आपली झाकतोय हे तिनं स्वतःला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी गोधडी पुरी झाली. धाकटीनं ती झटकली, उन्हात धरली आणि म्हातारीच्या अंगावर पसरली.

“आई, बघा.”

म्हातारीनं डावा हात काठावर ठेवला आणि आत सरकवायला लागली. दाण्यांवरून बोटं जात होती तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता जसा धाकटीनं कधी पाहिला नव्हता. ओठ हलत होते. मग बोटं थांबली. मागं गेली. पुन्हा पुढं आली. तीच जागा तिनं वरून खाली, डावीकडून उजवीकडं चाचपली.

“माझ्या ओळी कुठं गेल्या?”

धाकटी गोधडीचा काठ सारखा करायला लागली. “त्या जरा वाकड्या होत्या आई. सरळ करून घेतल्या.”

“वाकड्या होत्या,” म्हातारी म्हणाली. विचारत नव्हती. “उसवल्यास?”

“हो.”

“दोरा कुठाय?”

“टाकला चुलीत.”

म्हातारीनं हात काढून घेतला. उजवा हात मांडीवर होता, त्याच्यावर डावा ठेवला. धाकटी वाट बघत राहिली. शिव्या येतील, टोमणा येईल, ‘देवानं फक्त आरंभ दिलाय’ येईल. काहीच आलं नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, “त्या हाताचं तेच शेवटचं होतं गं.”

त्यानंतर दुपारपर्यंत ती बोलली नाही. जेवण भरवलं तेवढं खाल्लं, पाणी पाजलं तेवढं प्यायली. गोधडी अंगावर घातली तर काढून टाकली नाही, धरलीही नाही. धाकटीनं गायीचं दूध काढलं आणि बादली घेऊन गोठ्यातच उभी राहिली. घरात जायला पाय उचलेनात. जिभेचा त्रास वाटायचा मला, तिला वाटलं, ती जीभही आता बंद केली मी. आधी हसले त्या ओळींना आणि मग जाळल्या.

दुपारी तिला एक सुचलं. सुचायला नको होतं. तिनं त्या जागेवरच्या आपल्या सरळ ओळी उसवल्या. जुन्या टाक्यांची भोकं कुठं कुठं अजून दिसत होती, ती शोधून शोधून तिनं त्यांत सुई घातली. भोकं नव्हती तिथं आठवून तिरपा टाका घातला, लांब घातला, मग आखूड. एक ओळ झाली तशी तिनं म्हातारीचा हात धरून तिच्यावर ठेवला.

“आई, बघा ना. होती तशी करतेय मी.”

म्हातारीची बोटं फिरली. थोडीच फिरली.

“मला वेडावतेस?”

“नाही आई! शप्पथ नाही!”

“माझे टाके सरळ जायचे म्हणून निघाले होते. जमलं नाही. तुझे वाकडे जायचे म्हणून निघालेत.” तिनं तोंड भिंतीकडं केलं. “काढ ते.”

धाकटीनं काढले. रडत रडत काढले, त्यामुळं कापडही दोन ठिकाणी फाटलं. मग त्या जागेला काय करायचं ते तिला कळेना. चौकोनाभोवती वीतभर रुंदीचा मोकळा पट्टा राहिला, तिथं थर नुसते एकमेकांवर पडलेले. गोधडी पुन्हा अर्धी झाली. तिनं ती बाजेवर ठेवली आणि मग हातच लावला नाही.

रविवारी नणंद भाड्याची जीप घेऊन आली. ड्रायव्हर दारासमोर हॉर्न वाजवून गाडीतच थांबला, त्याला परत फिरायची घाई होती. नणंद वाकून आईच्या गळ्यात पडली, वहिनीच्या हातात फळांची पिशवी दिली, आणि तिची नजर बाजेवर गेली.

“ही का ती?” गोधडी तिनं उचलली, दाराकडं नेली, उजेडात धरली. “वा गं! आईचं काम ते आईचं.” मग तिचं बोट पट्ट्यात घुसलं. “आणि हे? वहिनी, मला वाटलंच होतं. मध्येच सोडलंस ना?”

हो म्हणणं सोपं होतं. मध्येच सोडलं हे तर सगळ्यांना पाठच होतं, त्यात नवं काही नव्हतं. धाकटीनं तोंड उघडलंही. म्हातारी तेवढ्यात म्हणाली, “माझे कपडे भर. येते मी तुझ्याबरोबर.”

घरात शनिवारनंतर तिचा हा पहिला आवाज.

“आई,” धाकटी म्हणाली, “नका जाऊ.”

“का?”

“तुम्हाला जायचं नव्हतं.”

“तेव्हा नव्हतं. आता इथं माझं काय राहिलंय? नणंद-भावजयी बोला निवांत. मी तयार आहे.”

नणंद एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली. “झालं तरी काय? भांडलात?”

“भांडण नाही झालं,” धाकटी म्हणाली. तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. “तो पट्टा आहे ना वन्सं, तिथं आईंच्या ओळी होत्या. हात जात होता तेव्हा घातलेल्या. मी उसवल्या त्या.”

“कशाला?”

“तुम्ही बघणार होता म्हणून. वाकड्या होत्या. तुम्ही म्हणाल वहिनीचं काम असंच. माझं नाव जाऊ नये म्हणून आईंचे टाके काढले मी. चुलीत घातले.”

नणंद धपकन् बाजेवर बसली. “अगं, मी चेष्टा करत होते,” ती हळूच म्हणाली.

“मला माहीत आहे.”

म्हातारीनं मान वर केली. डोळे धाकटीच्या आवाजाच्या बाजूला वळले, तिथं तिला काय दिसलं असेल कोण जाणे, खांबाएवढंच काहीतरी. “मला वाटलं, तुला बघवत नव्हते,” ती म्हणाली. “पिऊन आल्यासारखे दिसत होते म्हणून.”

ते शब्द म्हातारीनं इतके दिवस तसेच सांभाळून ठेवले होते. धाकटी तशीच खाली बसली, म्हातारीच्या पायांपाशी, आणि हुंदके द्यायला लागली. म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात वगैरे काही ठेवला नाही.

“रडून झालं की सुईत दोरा ओव,” ती म्हणाली.

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी. डावा आहे ना अजून.”

बाहेर हॉर्न वाजला. धाकटीनं डोळे पुसले, दोरा ओवला, मेणावरून ओढला आणि सुई म्हातारीच्या डाव्या चिमटीत दिली. चिमटीला सवय नव्हती. सुई पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. नणंद म्हणाली, “आई, राहू दे गं, टोचेल.” टोचलीच. म्हातारीनं बोट तोंडात घालून चोखलं.

“कापड ताणून धर,” ती धाकटीला म्हणाली. “माझा दुसरा हात धरत नाही. तेवढं तरी येतं ना तुला?”

धाकटीनं दोन्ही हातांनी पट्टा ताणून धरला. म्हातारीनं सुई खुपसली. ती थरांत शिरली, आत चाचपडत राहिली, भलतीकडूनच वर आली. पहिला टाका पडला. दुसरा पडायला इतका वेळ लागला की ड्रायव्हर गाडीतून उतरून दारात येऊन उभा राहिला.

“ताई, निघायचं ना?”

“आई,” नणंद म्हणाली, “चल आता. तिकडं जाऊन शिव.”

“ओळ अर्धी टाकून उठत नाही मी.”

नणंदेला हे ठाऊक होतं. लहानपणी ताप आला तरी आईची ओळ संपेपर्यंत तिला वाट बघावी लागे, तिनं तसं ड्रायव्हरला सांगितलंही, जणू तो घरचाच होता. मग तिनं गोधडीच्या चारी बाजूंकडं नजर फिरवली. ओळ म्हणजे पूर्ण चौकोनाभोवतीची फेरी. आणि आईचे दोन टाके पडले होते.

“अगं, या हातानं हिवाळा निघून जाईल एका ओळीत!”

“जाऊ दे.”

नणंदेनं डोक्याला हात लावला. मग ती हसायला लागली, हसता हसता तिचेही डोळे भरले. पिशवीतली फळं तिनं टोपलीत काढून ठेवली. स्वतःच्या अंगावरची जाड शाल आईच्या पाठीवर घातली. वहिनीनं शिवलेलं दुपटं काखेत घेतलं. “पोराच्या कुत्र्याला होईल,” म्हणाली, आणि पुढं लगेच, “नाही गं, ठेवीन मी.” जीप निघून गेली. धाकटीला हात सोडता येईनात म्हणून ती दारापर्यंतही जाऊ शकली नाही.

घर शांत झालं. धाकटीला वाटलं, राहिल्या. आपल्या घरी राहिल्या. तिनं नाक ओढलं तसं म्हातारीला तेही कळलं.

“खूश होऊ नकोस,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी नाही थांबले. ओळीसाठी थांबलेय.”

“हो आई.”

“ते चुलीत गेलेले माझे गेलेच. हे दुसरे आहेत. त्यांच्याबदल्यात नाहीत.”

“हो.”

धाकटीनं कापड धरून ठेवलं. ताणून धरल्यानं तिच्या बोटांच्या भेगा पुन्हा उघडल्या होत्या, पण तिनं पकड बदलली नाही. बदलली असती तर थर सरकले असते. उद्या गाय, शेण, पाणी आवरून पुन्हा असंच बसायचं होतं, परवाही, आणि हिवाळाभर. म्हातारीनं आणखी एक टाका घातला, दोरा ओढला, दातांत धरून घट्ट केला आणि बोटानं त्यावरून पुढं मागं पाहिलं. डाव्या बोटांना अजून नीट कळत नव्हतं.

“सरळ पडला का गं?”

धाकटीच्या तोंडात ‘हो’ आलं होतं. तिनं ते गिळलं.

“नाही आई. वाकडा पडलाय.”

“फार?”

“फार.”

म्हातारीनं मान डोलावली आणि पुढचा टाका सरळ घालायला सुई कापडात खुपसली.